शेताचं उत्पादन शिवारात ठरतं

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यात हिल्सडेन म्हणून एक ठिकाण आहे. तिथं सुमारे 900 हेक्टरची एक शेती आहे. गहू, रेपसीड (आपल्या मोहरीचं भावंड) आणि बाकला ही तिथली पिकं. सगळा कारभार यंत्रांवर, नफ्यासाठी केलेली व्यापारी शेती. रिचर्ड पायवेल आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी या शेतीचे तुकडे पाडले. काही तुकड्यांत नेहमीसारखी पूर्ण पेरणी केली. काहींमध्ये 3 टक्के जमीन पिकाखालून काढून घेतली, काहींमध्ये 8 टक्के. काढलेल्या जमिनीवर रानफुलं, गवत, पाखरांना दाणे देणाऱ्या वनस्पती लावल्या. मग वर्षानुवर्षं कापणीचं वजन मोजत राहिले.

साधं गणित सांगतं की 8 टक्के जमीन गेली म्हणजे 8 टक्के माल गेला. तसं झालं नाही. पाच वर्षांच्या फेरपालटीचा हिशेब 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यात कमी जमीन पेरलेल्या तुकड्यांचं एकूण उत्पादन पूर्ण पेरलेल्या तुकड्यांच्या बरोबरीनं आलं होतं. मधमाश्यांवर अवलंबून असणाऱ्या बाकल्याचं तर वाढलं होतं. यात एक मेख आहे, ती आधीच सांगतो. जमीन काढली ती शेताच्या कडेची, कोपऱ्यातली, जिथं ट्रॅक्टर वळून वळून माती दबलेली असते आणि पीक मुळातच हलकं येतं. तेव्हा तोटा कमी होणारच होता. पण त्यानं एवढी भरपाई होत नाही. राहिलेल्या जमिनीत एकरी उतारा वाढला, म्हणून हिशेब जुळला. आणि हा फरक पहिल्या हंगामात दिसला नाही, तो दिसायला चारेक वर्षं लागली.

ज्या जमिनीत आपण काहीच पेरलं नाही, तिनं शेजारच्या पिकाचा उतारा कसा वाढवला? या प्रश्नाचं उत्तर समजलं की आपल्या गावच्या बांधांकडं, ओढ्यांकडं आणि पडीक तुकड्यांकडं बघायची नजर बदलते. माझी तरी बदलली.

शास्त्रज्ञ ज्याला भूप्रदेशाची विविधता म्हणतात, त्यासाठी आपल्याकडं आयता शब्द आहे: शिवार. गावाभोवतीची सगळी जमीन, त्यात पिकं, बांध, ओढा, गायरान, झाडं, पाणंद, सगळं आलं. शिवार सरमिसळ आहे असं म्हणताना दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. एक म्हणजे त्यात किती प्रकार आहेत: किती पिकं, किती तऱ्हेची झाडं-गवतं. दुसरी म्हणजे ते कसे मांडलेले आहेत. एका बाजूला सलग शंभर एकर सोयाबीन आणि दुसऱ्या बाजूला सलग शंभर एकर तूर असेल, तर प्रकार दोन आहेत पण मांडणी ढोबळ. तेच दोनशे एकर एकाआड एक पट्ट्यांत असतील तर दोन पिकांना एकमेकांची कड कितीतरी जास्त लागते. अमेरिकेत कॅथरीन नेल्सन आणि एमिली बर्चफील्ड यांनी देशभरातल्या आकडेवारीवरून हेच तपासलं. 2021 साली ‘नेचर फूड’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात सरमिसळ शिवारांत मका आणि गव्हाचं उत्पादन 10 टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं, आणि त्यात प्रकारांइतकीच मांडणीही महत्त्वाची ठरली. मका आणि गव्हाला मधमाशी लागत नाही, हे इथं लक्षात ठेवावं. म्हणजे वाढ फक्त परागीकरणातून आलेली नाही.

तरी सुरुवात माशीपासूनच करू, कारण ती गोष्ट सगळ्यात स्वच्छ मोजलेली आहे. कोस्टा रिका देशात एका मोठ्या कॉफीच्या मळ्याला लागून जंगलाचे दोन तुकडे उरले होते. टेलर रिकेट्स आणि सहकाऱ्यांनी जंगलापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या कॉफीच्या झुडपांचा माल मोजला. जंगलापासून सुमारे एक किलोमीटरच्या आत उत्पादन 20 टक्क्यांनी जास्त होतं आणि बियांचा दर्जाही चांगला होता, गोल खुजे दाणे कमी. त्या एका मळ्याला त्या दोन तुकड्यांमुळं वर्षाला सुमारे 60 हजार डॉलर मिळत होते, असा हिशेब 2004 साली त्यांनी मांडला. कॉफीला स्वतःच्याच परागानंही फळ धरतं. तरीही जंगलातल्या माश्यांनी एवढा फरक पाडला.

लगेच मनात येतं, मग पेट्या आणून ठेवू. पेट्यांचा उपयोग होतोच. पण जगभरातल्या 41 पीकपद्धतींमधल्या 600 शेतांचा अभ्यास लुकास गॅरिबाल्डी आणि मोठ्या चमूनं 2013 साली मांडला, त्यात रानटी कीटकांच्या भेटी वाढल्यावर फळधारणा जेवढी वाढली, ती पाळीव मधमाशीच्या तेवढ्याच भेटींनी झालेल्या वाढीच्या दुप्पट होती. कारण प्रत्येक माशीचं काम वेगळं. वांगी आणि टोमॅटोच्या फुलात पराग एका कुपीसारख्या नळीत बंद असतो. फुलाला धरून अंग थरथरवलं तरच तो झडतो. सातेरीला किंवा पेटीतल्या इटालियन माशीला ते जमत नाही. काळ्या भुंग्याला जमतं, निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला जमतं. आता हा काळा भुंगा राहतो कुठं? वाळलेल्या लाकडात, जुन्या बांबूत भोक पाडून. आणि कित्येक रानमाश्या राहतात न नांगरलेल्या, उघड्या मातीत बीळ करून. म्हणजे बांधात. नांगर फिरला की त्यांचं घर गेलं.

घराइतकाच प्रश्न जेवणाचा. सगळं शिवार सोयाबीनचं असेल तर ऑगस्टमध्ये काही दिवस फुलंच फुलं, नंतर काही नाही. तूर फुलते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्यानंतर उन्हाळ्यात माशी जगते ती कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच यांच्या फुलोऱ्यावर, आणि ही झाडं असतात बांधावर, ओढ्याकाठी, पाणंदीला. तिथं ती नसतील तर पुढच्या हंगामात फुलं येतील तेव्हा माशी नसेल. लातूर, सोलापूर भागात एकेकाळी सूर्यफुलाचं मोठं क्षेत्र होतं. त्या पिकासाठी एक शिफारस अजूनही छापली जाते: फुलोऱ्यात सकाळच्या वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून प्रत्येक फुलावरून हलकेच हात फिरवा, म्हणजे दाणे भरतील. ही शिफारस वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. माशी फुकट करत होती ते काम आता मजुरी देऊन करायचं.

सगळ्याच पिकांना हे लागू नाही, हेही सांगायला हवं. सोयाबीन बहुतांशी स्वतःच्या परागावर भागवतं, ज्वारी-बाजरीला वारा मदत करतो. या पिकांना शिवाराचा फायदा मिळतो तो मुख्यतः दुसऱ्या वाटेनं, मित्रकिडींच्या.

जर्मनीत ग्योटिंगेन शहराच्या आसपास कार्स्टन थीस आणि टेजा चार्न्टके यांनी 1999 साली दाखवलेली गोष्ट अशी. तिथल्या रेपसीडवर एक भुंगेरा पडतो, कळ्या खातो. त्याच्या अळीत अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी असते. तिची पिल्लं अळीला आतून खाऊन टाकतात. ज्या शिवारात कुरणं, झुडपी कुंपणं, जुनी पडीक जमीन जास्त होती, तिथं या गांधीलमाशीनं जास्त अळ्या मारल्या आणि पिकाचं नुकसान कमी झालं. शिवारातली बिगर-पिकाची जमीन 20 टक्क्यांखाली गेली की मात्र तिचं बळ इतकं घटायचं की कीड आटोक्यात राहत नसे. पिकाच्या शिवारात ही माशी मुळात येते कुठून? नांगरट होत नाही अशा जागेतून. तिला साखर लागते, ती फुलांच्या मधातून मिळते. पिकावर कीड नसते त्या महिन्यांत तिला दुसरीकडं कुठं तरी जगावं लागतं. किडीचं मुख्य खाणं मात्र पीकच, आणि पीक आपण तिला भरपूर देतो.

अमेरिकेच्या मका पट्ट्यात हेच उलट्या दिशेनं घडलं. इथेनॉलसाठी मक्याला भाव आला, मक्याचं क्षेत्र पसरलं, शिवार एकसुरी झालं. शेजारच्या सोयाबीनवर पडणारा मावा खाणारे ढालकिडे त्यामुळं घटले. डग्लस लँडिस आणि सहकाऱ्यांनी 2008 साली आयोवा, मिशिगन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांपुरता हिशेब केला. घटलेलं उत्पादन आणि वाढलेली फवारणी मिळून वर्षाला 5 कोटी 80 लाख डॉलरचा फटका. इथं एका शेतकऱ्याच्या निवडीचा भार दुसऱ्याच्या पिकावर पडला, आणि दोघांनाही ते कळलं नाही.

आशियातला एक प्रयोग मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात तीळ आहे. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये चार वर्षं भातखाचरांच्या बांधावर तिळासारखी मध देणारी फुलझाडं लावली. भातावरच्या तुडतुड्यांचे शत्रू त्या फुलांवर पोसले गेले. कीटकनाशकाची फवारणी 70 टक्क्यांनी कमी झाली, भाताचं उत्पादन 5 टक्क्यांनी वाढलं, एकूण आर्थिक फायदा 7.5 टक्के. 2016 साली जेफ गर आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. आपल्याकडं ज्वारीच्या कडेनं अंबाडीच्या ओळी, मध्येच तिळाचा, कारळाचा पाटा ही जुनी रीत. आजीला त्यातून भाजी, चटणी आणि संक्रांतीचे तीळ मिळायचे. कीटकशास्त्र तिच्या मनात नसेल, पण शेताच्या चारी कडांना निरनिराळ्या वेळी फूल असायचं.

आता आपल्या शिवाराचा खास प्रश्न. क्लेलिया सिरामी आणि सहकाऱ्यांनी युरोप आणि कॅनडातल्या 435 शिवारांची पाहणी 2019 साली मांडली. शेताचा सरासरी आकार 5 हेक्टरवरून 2.8 हेक्टरवर आणला तर जैवविविधतेला जेवढा फायदा होतो, तेवढाच रानाची जमीन अर्ध्या टक्क्यावरून 11 टक्क्यांवर नेल्यानं होतो, असं त्यांना आढळलं. कारण सोपं आहे. शेतं लहान, म्हणजे कडा जास्त, बांध जास्त. हे वाचून मला वाटलं, मग महाराष्ट्र तर श्रीमंतच आहे. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार आपल्याकडं सरासरी धारणा 1.34 हेक्टर आहे. ज्या लहान शेतांसाठी युरोपात धडपड चालली आहे ती आपल्याकडं वाटण्यांमुळं आपोआप झाली आहेत.

पण ती श्रीमंती दोन वाटांनी हातातून गेली. पहिली वाट बांधाची. बांध कोरणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं. दर नांगरटीला एक तास (नांगराची एक ओळ) बांधात घालायचं, तीन हातांचा बांध हातभर करायचा, भावाभावांत कोर्टकज्जे. आता त्यात तणनाशकाची भर पडली. बांधावर गवत दिसलं की शेतकरी आळशी, अशी समजूत असल्यानं बांध फवारून किंवा पेटवून लख्ख ठेवले जातात. कागदावर बांध आहे, पण तो जिवंत नाही.

दुसरी वाट पिकांची. राज्यात सोयाबीन सुमारे 50 लाख हेक्टरवर आणि कपाशी 40 लाखांच्या आसपास. खरिपाची निम्म्याहून जास्त जमीन या दोन पिकांनी व्यापली आहे. शेतं लहान असली आणि दोनशे शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात एकच पीक पेरलं, तर सातबारे दोनशे असतात पण किडीसाठी ते एकच मोठं शेत असतं. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारीला भाव नाही, काढणीला माणूस नाही, मूग पावसात भिजतो. तो बाजार बघून पेरतो, त्यानं तसंच करायला हवं. पण परिणाम काय होतो ते समजून घ्यायला हरकत नाही.

2019 साली मातेओ दाइनेसे आणि सहकाऱ्यांनी जगभरातले 89 अभ्यास, 1475 ठिकाणं एकत्र तपासली. शिवार एकसुरी झालं की परागीकरण आणि किडींवरचं नैसर्गिक नियंत्रण दोन्ही घटतात, आणि या घसरणीचा निम्म्यापर्यंतचा वाटा उपयोगी कीटकांच्या जाती कमी होण्यातून येतो, असं त्यांना दिसलं. नुसती संख्या टिकवून भागत नाही. एखादी जात पावसाळी थंड सकाळी उडत नाही तेव्हा दुसरी उडते, एका जातीवर रोग आला तर दुसरी काम ओढते.

एवढं वाचून कुणी उत्साहानं सगळे बांध रान करून टाकायला निघेल, म्हणून थांबून दुसरी बाजू सांगतो. डॅनियल कार्प आणि मोठ्या चमूनं 2018 साली 132 अभ्यासांतली 6759 ठिकाणं तपासली, आणि शेताभोवती रान असलं की कीड कमी होतेच, असा सरसकट नियम निघाला नाही. कुठं कमी झाली, कुठं वाढली. कीड कोणती, तिचे शत्रू कोण, ते त्या रानात राहतात का, यावर सगळं अवलंबून.

आपल्या कपाशीचं उदाहरण घ्या. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी 2002 साली आली तेव्हा तिच्याभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त होईल तेवढं लावायचं होतं. त्यालाच आश्रय पीक म्हणतात. तिथं वाढलेले, बीटीला प्रतिकार नसलेले पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी मिलन करतील आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल, हा त्यामागचा विचार. हिरव्या बोंडअळीसाठी तूर, हरभरासुद्धा हे काम करतात, कारण ती अळी ही पिकंही आवडीनं खाते. शिवारात तूर असणं हीच तिच्याविरुद्धची ढाल होती. गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. ती जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. तुरीच्या कितीही ओळी लावल्या तरी तिला फरक पडत नाही. तिच्यासाठी बिगर-बीटी कपाशीच हवी होती, आणि ती फारशी कुणी लावली नाही. शिवाय पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, मार्च-एप्रिलपर्यंत कपाशी उभी ठेवली, त्यामुळं अळीला वर्षभर अन्न मिळालं. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात या अळीनं कपाशीचं जे केलं ते आपण पाहिलं. या अळीसाठी लागते ती वेळेची सरमिसळ: काही महिने शिवारात कपाशीच नको, आणि तेही सगळ्या शिवारात एकाच वेळी.

तसंच पिठ्या ढेकणाचं. तो कपाशीवर पसरला तेव्हा बांधावरचं गाजरगवत आणि पेटारी ही त्याची हक्काची वस्तीची ठिकाणं होती. म्हणजे बांध हिरवा आहे एवढं पुरत नाही, काय हिरवं आहे ते बघावं लागतं. बांधावरच्या मोठ्या झाडाची सावली आणि मुळं लगतच्या दोन-चार तासांचं पीक मारतात, हेही खरं. आणि जंगलाच्या कडेला शेत असलेल्या विदर्भातल्या माणसाला झुडपी रानाचे फायदे सांगायला जाताना रानडुकरांचा आणि रोह्यांचा विचार आधी करावा. रात्रभर जागली करणाऱ्याचं नुकसान कोणत्याही सरासरीत मावत नाही.

तरी चालेल असं बरंच काही उरतं. जळगावकडं केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते उन्हाळ्यातला तापलेला वारा अडवायला. ती हिरवी भिंत पानं फाटू देत नाही आणि बागेतली ओल टिकवते. तुरीत किंवा हरभऱ्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळून पेरले की मधूनमधून उंच ताटं उभी राहतात. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. सलग सोयाबीनऐवजी चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही विद्यापीठाची शिफारस मराठवाड्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. तिचा एक फायदा पाऊस दगा देतो तेव्हा कळतो, दुसरा हा की पिकाला कडा मिळतात. कपाशीच्या कडेनं चवळी लावली तर तिच्यावर मावा येतो, माव्यामागं ढालकिडे येतात आणि तिथून ते कपाशीत शिरतात.

या गोष्टी एकट्याला करता येतात. पण माशी, गांधीलमाशी आणि पाखरं एकट्याच्या शेतावर जगत नाहीत. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात 314 हेक्टर जमीन येते. आपल्या सरासरी धारणेनं ती सव्वादोनशेच्या वर खातेदारांची झाली. म्हणून मला सगळ्यात आशा वाटते ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेल्या जागांची: ओढ्याचे दोन्ही काठ, पाणंदीच्या कडा, पाझर तलावाभोवतीची मोकळी जागा, गायरानाचा उरलेला तुकडा. तिथं करंज, जांभूळ, बोर, निरगुडी लावायला आणि उन्हाळ्यात ते न पेटवायला ग्रामपंचायतीच्या एका ठरावापासून सुरुवात करता येते. स्वतःच्या बांधासाठी रोजगार हमीतून फळझाडं मिळतात, त्यांची सावली आपल्याच तासांवर पडेल अशा बेतानं लावली तर शेजाऱ्याशी वादही होत नाही. आज लावलेला करंज चार-पाच वर्षांत फुलावर येतो. हिल्सडेनच्या शेतालाही फरक दाखवायला जवळजवळ तेवढीच वर्षं लागली होती.